बाहेरच्या कडीचं घर

वेशीपासून दुसरी गल्ली, गल्लीच्या तोंडाशी लोहाराची भट्टी आणि भट्टीला खेटून एक ठेंगणं घर. त्या घराच्या दाराला आतून कडी नव्हती. आतलं लाकूड सरळ, गुळगुळीत, खिळ्याचं भोकसुद्धा नाही. कडी होती ती बाहेरून. दिवेलागण झाली की गल्लीतलं कुणीतरी येई, ती कडी कोयंड्यात अडकवी आणि आपल्या घरी जेवायला जाई. उजाडलं की तेच माणूस येऊन कडी काढी. पाळी घरोघरची, आठवड्याआठवड्याला बदलणारी. लोक म्हाताऱ्या आईचं औषध विसरत, भावाला दिलेला शब्द विसरत, पण ही पाळी कुणी विसरल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्या घरातल्या माणसाला कडीवाला म्हणत, कारण शहरातल्या सगळ्या कड्या तोच घडवायचा. आणि चारचौघांत, जरा मोठ्या आवाजात, त्याला वेसउघड्या म्हणत.

गोष्ट तीनशे वर्षांमागची. डोंगरापलीकडच्या राज्याचं सैन्य येऊन तटाबाहेर बसलं होतं. एक उन्हाळा गेला, एक हिवाळा गेला. आत माणसं चामडं उकडून खाऊ लागली. आणि एक दिवस वेस आतून उघडली. सैन्य आत आलं, आणि सैन्य आत आल्यावर जे होतं ते सगळं झालं. वेशीचा राखणदार होता तो कडीवाल्याच्या खापरपणजोबाचा कुणीतरी खापरपणजोबा. शत्रू निघून गेल्यावर शहरानं त्याला वेशीच्या कमानीला टांगलं आणि त्याच्या वंशाला शिक्षा दिली: ज्यांनी शहराचं दार वैऱ्याला उघडलं, त्यांना स्वतःचं दार स्वतःच्या हातानं लावता येणार नाही आणि उघडताही येणार नाही. पुढे राजे गेले, राज्यं गेली, झेंडे बदलले, गल्लीत विजेचे खांब आले. कडी राहिली. कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात ती नव्हती. असती तर कुणीतरी कधीतरी खोडली असती.

कडीवाला हाडानं रुंद, बोलण्यात मऊ. लोखंड लाल होऊन नारिंगीकडे झुकलं की उचलायचं, पिवळं होऊ द्यायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. लावताना करकरते ती कडी आळशी, असं तो म्हणे. त्याची कडी सुरी लोण्यात जावी तशी कोयंड्यात जाई. गिऱ्हाइकं यायची आणि थट्टा करायची.

"वेसउघड्या, अशी कडी दे की तुझ्या बापालाही उघडता येऊ नये."

"माझ्या बापाला आमच्या घराचीही कधी उघडता आली नाही," तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः हसायचा. हसण्यात पहिला नंबर लावला की दुसऱ्यांचं हसणं जरा कमी लागतं.

शेजारी शिंप्याचं घर. शिंपीणकाकू मनानं वाईट नव्हती. तिची पाळी असली की ती दारात येऊन विचारायची, "भाऊजी, झाकू का?" जणू दुधाचं पातेलंच आहे. कडीवाल्याची मुलगी लहान असताना तिला हा खेळ वाटे. आतून टाळ्या वाजवून ओरडायची, "झाका, काकू, झाका!" आणि काकू बाहेरून म्हणायची, "झाकलं गं, छकुले!" दोघी हसायच्या. कडीवाल्याची बायको मात्र त्या वेळी चुलीकडे तोंड करून बसायची.

त्या बायकोचं मरण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दिवेलागणीला कडी लागली आणि थोड्याच वेळात तिच्या पोटात कळ आली. साधी कळ नव्हती. ती जमिनीवर आडवी झाली आणि तिचा रंग उतरत गेला. कडीवाला दाराशी धावला, हाका मारल्या. गल्ली गोळा झाली. पण पाळी होती शिंपीणकाकूची, आणि काकू कडी लावून माहेरी गेलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिवाज असा की ज्यानं लावली त्यानंच काढायची.

"काढा की हो, बाई मरतेय आत," कुणीतरी म्हणालं.

"काढायला काय, हात आहेत. पण आज आपण काढली, उद्या कुणी विचारलं तर?"

"काकूला बोलवायला माणूस गेलाय. येतीलच."

सगळे हळहळत होते. एकानं दारातून डॉक्टरचा पत्ताही सांगितला. आत कडीवाला दारावर मुठी मारत होता; हातोडा भट्टीत, आणि भट्टीचं दार बाहेरच्या अंगाला. तेव्हा जमिनीवरून ती म्हणाली, "नका मारू दाराला. हात दुखतील. उद्या काम आहे ना तुम्हाला." शिंपीणकाकू अनवाणी धावत, रडत आली, तिनं कडी ओढली, तेव्हा आत मुलगी आईच्या पायाशी बसून होती आणि आई उरली नव्हती. काकूनं ऊर बडवून घेतला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती सुजलेल्या डोळ्यांनी दारात आली. "भाऊजी, लावते हं," म्हणाली, आणि लावली.

त्यानं दुसरी बायको केली नाही. मुलीला वाढवलं. ती मोठी होऊन त्याच गल्लीतल्या पाववाल्याच्या दुकानात काम करू लागली. पीठ मळायची, गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकाला उलट उत्तर द्यायची आणि तरी गिऱ्हाईक परत यायचं. पाववाल्याच्या मुलाचं तिच्यावर मन बसलं. तिचंही बसलं होतं, पण ते कबूल करायला तिनं बराच वेळ लावला. मुलाच्या आईनं, पाववालीनं, तिला समोर बसवून सांगितलं, आणि गोड बोलून सांगितलं.

"पोरी, तुझे हात सोन्याचे आहेत. माझा पोरगा तुझ्यापुढे मातीचा. पण ही कडी रक्तासोबत जाते बाई. तू माझ्या घरी आलीस की कडी माझ्या दाराला. आम्हाला पहाटे उजाडायच्या आत भट्टी पेटवायची असते. आम्ही काय, आतून हाका मारत बसायचं?"

मुलगी घरी आली. बापाला ती कधी टाकून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली.

"बाबा, तुम्हाला काही वाटत नाही का हो? मला वाटतं. मी आत्ता मेले तरी चालेल, पण आईसारखी नाही मरणार. आणि माझी पोरंही इथे टाळ्या वाजवणार नाहीत."

 त्या दिवसापासून कडीवाल्याच्या जिवाला एकच लागून राहिलं: ही कडी आपल्यापाशी थांबली पाहिजे. आपण मेलो की संपली पाहिजे. पोरीला शिवता कामा नये. कसं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग युद्ध आलं. डोंगरापलीकडचं राज्य आता राष्ट्र झालं होतं, इकडचंही झालं होतं. भांडण मात्र तेच. टेकडीवर तोफा चढल्या. रस्ते तुटले. पाववाल्याकडे आधी पिठात कोंडा मिसळला, मग कोंड्यात लाकडाचा भुसा. बाजारात कुत्री दिसेनाशी झाली, आणि कुणी कुणाला विचारलं नाही. शहरात पन्नासएक सैनिक आणि त्यांचा एक साहेब होता. एका सकाळी लोक उठले तर साहेब आणि सैनिक सांडपाण्याच्या बोगद्यातून निघून गेलेले. जाताना त्यांनी वेशीवरचा झेंडा मात्र सोडला, तो आणखी उंच करून.

टेकडीवरून निरोप आला: उद्या दुपारपर्यंत वेस उघडा, नाहीतर शहर सपाट करू.

नगरप्रमुखानं बैठक घेतली. उघडायची, हे एका वाक्यात ठरलं. पोरांना पाजायला पाणी नव्हतं, वाद कुणी घालायचा? पण कुणी उघडायची, यावर जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. उघडणाऱ्याचं नाव राहणार. तीनशे वर्षं राहणार. प्रत्येकाला आपली नातवंडं आठवली.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आपल्याकडे एक घर आहे की."

नगरप्रमुख आणि मास्तर भट्टीवर आले. मास्तर शाळेत इतिहास शिकवत. वेसउघड्याची गोष्ट शहरातल्या प्रत्येक पोरानं त्यांच्याकडूनच ऐकलेली, कडीवाल्याच्या मुलीनंसुद्धा, पहिल्या बाकावर बसून.

"अरे, बस, बस," नगरप्रमुख म्हणाला, जणू भट्टी त्याचीच. "उद्या दुपारी वेस उघडायचीय."

"कुणी?"

"आता हे काय विचारणं झालं?"

कडीवाला बराच वेळ भाता ओढत राहिला. विस्तव नव्हता, कोळसा केव्हाच संपलेला; नुसती हवा यायची आणि जायची.

"तुमच्यापैकी कुणी का नाही?"

"हे बघ," मास्तर म्हणाले, "आमच्या हातून ते बरं दिसणार नाही. तुझं काय जातंय? भिजलेल्याला पावसाचं भय कशाला?"

"मास्तर, तुम्ही मला वर्गात उभं करून सांगायचात, तुझ्या रक्तात उघडणं आहे म्हणून. मी पाच वर्षांचा होतो. मला वाटलं, रोग असेल."

मास्तर घसा खाकरून भट्टीच्या छपराकडे बघू लागले.

"उघडतो," कडीवाला म्हणाला. "पण ही कडी माझ्यापाशी संपायची. माझ्या पोरीच्या दाराला लागायची नाही. ती पाववाल्याकडे जाणार, आणि माणसासारखी राहणार."

"एवढंच ना?" नगरप्रमुखानं ऐरणीवर हात ठेवला. "शब्द. शहराचा शब्द."

"शहरानं आजवर एकच शब्द पाळलाय साहेब, तीनशे वर्षं. म्हणून भीती वाटते."

"अरे, तेच तर सांगतो. आम्ही दिलेला शब्द पाळतो."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो एकटा वेशीकडे निघाला. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्या बंद. बघितलं नाही तर सांगावं लागत नाही, हे शहराला न शिकवता येत होतं. फक्त पाणीवाला म्हातारा, ज्याची हातगाडी महिनाभर रिकामी होती, वेशीशेजारच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याला घर नव्हतं, म्हणून खिडकीही नव्हती.

"काय रे, उघडायला आलास?" म्हातारा म्हणाला. "उघड, उघड. बाहेर नदी आहे."

वेशीमागे वाळूची पोती होती. ती एकेक ओढून बाजूला केली. मग अडसर. शिसवीचा, माणसाच्या कमरेएवढा जाड. खांदा लावून त्यानं तो उचलला. फळ्या करकरल्या. त्याला कारागीर म्हणून लाज वाटली. बिजागऱ्यांना किती वर्षांत तेल नव्हतं.

बाहेर शत्रूचा कप्तान उभा होता. तरुण, नीट दाढी केलेला, मागे फोटोवाला आणि शिपाई. उघड्या वेशीकडे बघून तो खूश व्हायला हवा होता. तो चिडला.

"कुणी उघडली ही?"

"मी."

"आणि तुला घाई कसली होती?" त्याची बोली कडीवाल्याचीच होती, हेल तेवढा वेगळा. "आमच्याकडे शाळेत पहिलं चित्र कुठलं असतं माहितेय? आमचे पूर्वज लाकडाच्या ओंडक्यानं ही वेस फोडताहेत. माझ्या आजोबांच्या बैठकीत टांगलंय. मी काय घरी उघड्या दाराचा फोटो नेऊ?"

कडीवाला एक पाऊल पुढे आला.

"साहेब, तेव्हा... तीनशे वर्षांमागे कुणी आतून उघडली नव्हती?"

"उघडली? कोण उघडणार? आम्ही फोडली. बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हणतोय. अडसर लाव आणि बाजूला हो."

त्यानं वेस बंद केली. अडसर उचलून जागेवर टाकला. आणि त्या क्षणी, उपाशी, घामानं निथळत असताना, त्याला हसू आलं. डोंगराच्या एका अंगाला तीनशे वर्षं एक वेस फुटत होती आणि दुसऱ्या अंगाला तीच वेस उघडत होती. मधल्या मध्ये त्याची बायको मेली होती. तो अजून हसतच होता, तेव्हा स्फोट झाला.

कमान खाली आली. पाणीवाला म्हातारा दगडांखाली गेला. त्याची गाडी तेवढी धडधाकट राहिली. कडीवाल्याचा डावा कान कायमचा गेला. फोटो म्हणे फार छान आला.

शत्रू सहा महिने राहिला. पीठ आलं, पाणी आलं, रोज संध्याकाळी माणसं मोजली जाऊ लागली. काही तरुण नेले ते परत आले नाहीत. मग कुठल्यातरी दूरच्या शहरात, लांबलचक टेबलाभोवती दोन्हीकडच्या साहेबांनी सह्या केल्या, आणि जसे आले तसे ते गेले. पाठोपाठ आपलं सैन्य आलं, बोगद्यातून पळालेला साहेबही आला, छातीवर नवं पदक लावून.

आता शहराला प्रश्न विचारले जाऊ लागले. शेजारच्या शहरांतले लोक बाजारात टोमणे मारू लागले, "काय मंडळी, एक गोळी न झाडता पडलात म्हणे?" रेडिओवर कुणीतरी भाषणात हेच म्हणालं. उत्तर द्यायला हवं होतं, आणि उत्तर घडवायची गरजच नव्हती, ते गल्लीच्या तोंडाशी तयार बसलं होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. पण आठवड्याच्या आत लहान पोरंसुद्धा सांगू लागली: वेसउघड्यानं पुन्हा उघडली. आम्ही लढणारच होतो.

ज्यांनी त्याला पाठवलं होतं तेही हळूहळू असंच म्हणू लागले. वाईट गोष्ट अशी की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवू लागलं होतं.

शब्द मात्र मास्तरांच्या लक्षात होता. ते एका दुपारी भट्टीवर आले, रुमालानं बाक पुसून बसले.

"चौकात सभा आहे. तुला उभं राहावं लागणार. टांगणार नाहीत, ते मी बघितलंय. तुला टांगलं तर कड्या कोण घडवणार, असं मीच म्हणालो."

"आणि पोरगी?"

"त्यासाठीच आलोय. आपण शब्द दिलाय. पण कडी रक्तासोबत जाते, ही दगडावरची रेघ. आत्ता या वातावरणात रेघ पुसू म्हटलं तर लोक आम्हालाच फाडून खातील. मग वाट एकच." मास्तरांनी आवाज खाली आणला, डाव्या बाजूला बसले होते, म्हणून कडीवाल्याला नीट ऐकू आलं नाही, आणि त्यांना ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "रक्तच तुझं नाही म्हणायचं."

कडीवाल्यानं हातातला हातोडा ऐरणीवर ठेवला.

"तू सभेत सांगायचं, ही माझी नाही. बाई चुकली होती. मी पदरात घेतली. बस्स. पोरगी सुटली."

"मास्तर, ती मेलीय हो."

"म्हणून तर सोपं आहे. जिवंत असती तर तिला विचारावं लागलं असतं."

"आणि पोरीला काय सांगू?"

"हेच. तिला खरं कळलं तर ती चौकात येऊन ओरडेल. मी तिला शिकवलंय, ओळखतो मी. मग ती गेली आणि तूही गेलास."

दिवसभर तो ऐरणीपाशी उभा राहिला. एक खिळा घडवला, मोडला, पुन्हा तापवला, पुन्हा मोडला. संध्याकाळी मुलगी पिठानं पांढरी होऊन घरी आली, तिच्यामागे पाववाल्याचा मुलगा कोपऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. कोपऱ्याच्या पुढे यायला तो घाबरत होता. कडीवाल्यानं ते पाहिलं.

सभा मोडक्या वेशीसमोर भरली. नगरप्रमुख बोलला, सैन्याचा साहेब बोलला. मग कडीवाल्याला दगडावर उभं केलं.

"वेस तू उघडलीस?"

"उघडली. पण त्यांनी ती पुन्हा लावायला लावली, आणि मग फोडली. तो कप्तान सांगत होता, तेव्हाही त्यांनी फोडलीच होती. त्यांच्याकडे शाळेत—"

"ऐका! वैऱ्याचा दाखला आणलाय!" कुणीतरी ओरडलं. "आता वैऱ्याच्या शाळेत जायचं का आपण?" हशा पिकला. मग दुसरा म्हणाला, "आणि पाणीवाल्याला कुणी मारलं?" आणि हशा थांबला. दगड उचलले गेले. नगरप्रमुखानं हात वर केला. त्यानं कडीवाल्याकडे बघितलं, डोळ्यांनी म्हणाला, आता.

मुलगी पुढच्या रांगेत, पाववालीच्या शेजारी उभी होती.

"माझी पोरगी," कडीवाला म्हणाला, "माझी नाही. हिच्या आईचं... ती चुकली होती. हिच्यात माझं रक्त नाही."

 मग मागून एक आवाज आला, उत्सुक, जवळजवळ प्रेमळ. "मग कुणाचं?"

हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. त्यानं समोरच्या तोंडांकडे पाहिलं. कुठल्याही जिवंत माणसाचं नाव घेतलं असतं तर तो माणूस नाही म्हणाला असता. घरोघर जाणारा आणि आता नाही म्हणू न शकणारा एकच माणूस त्याला आठवला.

"पाणीवाल्याचं."

आधी एक हसला, मग सगळा चौक हसला. पाणीवाला! गुडघे वाजवत चालणारा, तोंडात तीन दात! माणसं एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसली. वर्षभरात शहर इतकं हसलं नव्हतं. "म्हणून दोन हंडे जास्त द्यायचा!" "अरे, वेस कुणी कुणाची उघडली!" त्या हशात दगड आपोआप खाली टाकले गेले.

आणि शिंपीणकाकू पुढे झाली. तिला मदत करायची होती. त्या पोरीचं भलं व्हावं असं तिला अगदी मनापासून वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या हातात होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी शेजारची. मी बघायची. सकाळी कडी काढली रे काढली की तो दारात हजर. तास तास बसायचा. मी बोलले नाही, म्हटलं मेलीचं झाकलेलं बरं."

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की तिला स्वतःलाही पटलं.

घरी आल्यावर मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"खरं का, बाबा?"

त्याला तिच्या आईचा चेहरा आठवेना. आवाज तेवढा आठवत होता, हात दुखतील म्हणणारा. नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलंही होतं. नाही म्हटलं असतं तर ती त्याच पावली चौकात गेली असती.

"हो," तो म्हणाला.

तिनं त्याला खूप वेळ न्याहाळलं. नाक, कपाळ, हाताची बोटं. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली.

तिनं कपड्यांचं बोचकं बांधलं. आईची एक शाल खुंटीवर होती, ती तिनं उतरवली, जरा वेळ हातात धरली आणि परत तिथेच टांगली. त्याच दिवशी ती पाववालीकडे राहायला गेली. महिन्याभरात लग्न झालं. कडीवाल्याला बोलावणं नव्हतं. परक्या माणसाला कोण बोलावतं? गल्लीत गाणी वाजली ती त्यानं उजव्या कानानं ऐकली.

त्यानं मागितलेलं त्याला मिळालं होतं. शहरानं शब्द पाळला होता, अक्षराला अक्षर. तरी गल्लीत कुजबुज उरलीच. पोरीची चाल बघा म्हणे, बापासारखीच. कुठल्या बापासारखी, असं कुणी विचारलं की पुन्हा हशा. पाववालीला रात्री झोप लागेना. गिऱ्हाईक कमी झालं तर? नातवंडं झाल्यावर कुणी पुन्हा जुनं उकरलं तर?

आणि मग पाववाल्याच्या घरची पाळी आली.

"आपल्यातलं कुणीही लावू शकतं," मुलगा आईला म्हणाला. "मी जातो."

"तू नाही. हिनं जायचं. एकदा सगळ्यांनी बघितलं की मिटलं कायमचं. काय गं, जाशील ना?"

सून पीठ मळत होती. तिनं हात धुतले, पुसले.

"जाईन की. मला काय त्याचं?"

दिवेलागण झाली. दारादारांतून माणसं उगीचच उभी होती. कुणी पायरी झाडत होतं, कुणी भांडं घासत होतं. शिंपीणकाकू खिडकीत होती. पाववाल्याची सून आली, ताठ मानेनं, पदर खोचून. कडीवाला आत पाटावर बसला होता. त्यानं पावलं ओळखली. गल्लीत आणखी कुणाचीही पावलं त्याला आता नीट ऐकू येत नसत.

दार ओढलं गेलं. मग नुसतंच लोखंड लोखंडावर आपटू लागलं. एकदा, दोनदा. कडी कोयंड्यात जाईना. मुलगी जन्मभर या दाराच्या आतल्या बाजूलाच राहिली होती. ही कडी बाहेरून कशी लावतात ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. बाहेर कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "काय झालं? हात अडखळतो का गं?"

लोखंड पुन्हा आपटलं, घाईनं, चुकीच्या जागी.

कडीवाला उठला, दाराजवळ गेला आणि फटीशी तोंड नेऊन हलक्या आवाजात, गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "ओढू नका. आधी थोडी वर उचला. कोयंडा झिजलाय. हां... आता डावीकडे. आता सोडा."

कडी बसली.

बाहेर ती थांबली होती. तिचा श्वास त्याला फटीतून लागत होता. मग ती मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी, म्हणाली, "बसली का नीट? बघा ढकलून."

त्यानं खांदा लावला आणि सगळ्या जोरानं दार ढकललं.

"बसली," तो म्हणाला.